आयरिश भाषेचे प्रौढ विद्यार्थी : निमज्जनवर्गांचे स्वरूप आणि त्यांची निवड

तौलनिक साहित्याच्या अभ्यासक्रमांत आयर्लंड हा देश वारंवार येतो. परंतु तो बहुधा येट्स, सिंग, जॉइस आणि बेकेट यांच्या वाटेने, म्हणजे इंग्रजीतून येतो. या देशाला आणखी एक भाषा आहे, ती इंग्रजीपेक्षा तेथे कितीतरी जुनी आहे आणि तिच्यात आजही कविता, कादंबरी व समीक्षा लिहिली जाते, ही गोष्ट अभ्यासकांना माहीत असते. तिचा परिणाम मात्र त्यांच्या वाचनावर क्वचितच होतो. मार्टिन ओ काइन यांची 'क्रे न किल्ये' ही १९४९ची कादंबरी विसाव्या शतकातील आयरिश गद्याचे शिखर मानली जाते. तिचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध व्हावयास २०१५ साल उजाडावे लागले, आणि त्यानंतर वर्षभरातच दुसरेही आले. मधल्या सहा दशकांहून अधिक काळात जो अभ्यासक 'आयरिश कादंबरी'वर इंग्रजीच्या आधारे बोलत होता, तो या कादंबरीविना बोलत होता. भाषांतराची वाट पाहणे ही अभ्यासपद्धती होऊ शकत नाही. मग प्रश्न उरतो तो असा, की प्रौढ वयात, दुसऱ्या देशातून येऊन, ही भाषा शिकावी कोठे आणि कशी?

भारतीय अभ्यासकाला हा प्रश्न अगदीच परका वाटू नये. कायदेपंडित व्हिटली स्टोक्स भारतात शासकीय सेवेत असताना जुन्या आयरिश ग्रंथांच्या संपादनाचे काम करीत होते; कॉर्मकच्या प्राचीन शब्दकोशाचे त्यांनी संपादित केलेले भाषांतर १८६८ मध्ये कलकत्त्यास छापले गेले. भारतीय भाषांचे सर्वेक्षण करणारे ग्रियर्सन मूळचे डब्लिन परिसरातले. माइल्स डिलन यांचा 'केल्ट्स अँड आर्यन्स' हा ग्रंथ १९७५ मध्ये सिमल्याच्या संस्थेने प्रसिद्ध केला. हे संबंध मुख्यतः प्राचीन ग्रंथांच्या आणि व्युत्पत्तीच्या पातळीवरचे आहेत. जिवंत, बोलली जाणारी आयरिश ही त्यापुढची पायरी होय, आणि ती ग्रंथालयात बसून चढता येत नाही.

१. कानाची अडचण

असे का, याचे उत्तर भाषेच्या रचनेतच आहे. आयरिशमध्ये शब्दाचा आरंभीचा ध्वनी व्याकरणानुसार बदलतो. 'बाद' म्हणजे होडी. परंतु 'माझी होडी' म्हणताना तोच शब्द 'वाद' असा ऐकू येतो आणि 'आमची होडी' म्हणताना 'माद' असा. लेखनात मूळ अक्षर टिकते, म्हणून डोळ्याला शब्द ओळखता येतो. कानाला मात्र येत नाही. ज्याने भाषा केवळ पुस्तकातून घेतली त्याला ऐकलेला शब्द कोशात कोणत्या अक्षराखाली शोधावा हेही कळत नाही. मराठीत विकार शब्दाच्या शेवटाकडे होतो आणि आरंभ बहुधा स्थिर राहतो. त्यामुळे मराठी भाषकाचा कान येथे अधिकच फसतो.

उलट काही बाबतींत त्याची वाट इंग्रजी भाषकापेक्षा सोपी आहे. आयरिशमध्ये 'जवळ असणे' या अर्थाचे स्वतंत्र सकर्मक क्रियापद नाही. पुस्तक 'माझ्यापाशी असते'. भूक आणि दुःख माणूस करीत नाही, ती त्याच्यावर असतात. 'मला भूक लागली आहे' या मराठी वाक्याला हे फार दूरचे नाही. 'होय' आणि 'नाही' यांना नेमके प्रतिशब्द नाहीत, 'आलास का?' या प्रश्नाचे उत्तर 'आलो' किंवा 'नाही आलो' असे क्रियापदानेच द्यावे लागते. ही साम्ये भाषिक नात्याचा पुरावा नव्हेत, आणि तशी ती मानू नयेत. परंतु शिकणाऱ्याला त्यांचा आधार नक्की होतो. वाक्यात क्रियापद आधी येते, ही गोष्ट मात्र त्याला नव्याने अंगवळणी पाडावी लागते.

२. प्रौढांची संस्था, मुलांची संस्था

परभाषेच्या वातावरणात विद्यार्थ्याला संपूर्णपणे ठेवून ती भाषा शिकवण्याच्या पद्धतीला 'निमज्जन' म्हणता येईल. शिक्षणशास्त्रात ही संज्ञा कॅनडातील क्वेबेक प्रांतात १९६५ मध्ये झालेल्या फ्रेंच भाषेच्या शालेय प्रयोगामुळे रूढ झाली. आयर्लंडमध्ये मात्र नाव नसताना ही पद्धत त्यापूर्वी साठ वर्षे चालू होती, आणि तिचा आरंभ मुलांपासून नव्हे, तर प्रौढांपासून झाला होता.

त्यामागचा इतिहास थोडक्यात असा. १८४५ ते १८५२ या काळातील भीषण दुष्काळाने जी माणसे मेली किंवा देशांतराला गेली, त्यांत आयरिश बोलणाऱ्या गरीब पश्चिम भागातील लोक फार मोठ्या संख्येने होते. १८५१च्या जनगणनेत भाषेचा प्रश्न प्रथम विचारला गेला, तेव्हा सुमारे पंधरा लाख लोकांनी, म्हणजे लोकसंख्येच्या चौथ्या हिश्शाहून किंचित कमी लोकांनी, आयरिश येत असल्याचे सांगितले. पुढील पिढ्यांत हा आकडा झपाट्याने घसरला. १८९३ मध्ये डग्लस हाइड, ओइन मॅकनील आदींनी 'कॉन्रा न गेल्गे' ही संस्था, म्हणजेच गेलिक लीग, स्थापन केली. तिच्या सायंकाळच्या वर्गांना शहरांतील कारकून, दुकानांतील नोकर आणि शिक्षक येऊ लागले. त्यांच्यापैकी अनेकांना आयरिश हा वारसा वाटत होता, पण मातृभाषा म्हणून ती त्यांना लाभलेली नव्हती. शिकवण्यासाठी शिक्षक हवेत आणि त्या शिक्षकांनाच भाषा बोलता येत नाही, ही अडचण सोडवण्यासाठी १९०४ मध्ये कॉर्क परगण्यातील बॅलिंगेरी या गावी मन्स्टर कॉलेज सुरू झाले. शिक्षकांनी उन्हाळ्यात यावे, गावात राहावे, दिवसा वर्गात आणि संध्याकाळी गावकऱ्यांत भाषा बोलावी, हा त्याचा क्रम होता. आजच्या सर्व आयरिश निमज्जनवर्गांचे मूळ येथे आहे.

स्वतंत्र राज्य १९२२ मध्ये अस्तित्वात आल्यावर आयरिश शाळांत सक्तीची झाली आणि या उन्हाळी महाविद्यालयांचे स्वरूप बदलत गेले. ती प्रामुख्याने शाळकरी मुलांची झाली. मुले दोन-तीन आठवडे आयरिशभाषक कुटुंबांत राहतात आणि त्या कुटुंबांना त्यासाठी शासकीय अनुदान मिळते, ही व्यवस्था आजही चालू आहे. प्रौढ विद्यार्थी मात्र दीर्घकाळ बाजूला पडला. त्याच्यासाठी नव्याने विचार करणारी महत्त्वाची संस्था म्हणजे डोनेगॉल परगण्यातील ग्लेनकोलमकिल येथे १९८४ मध्ये स्थापन झालेली 'इजस गेल'. केवळ प्रौढांसाठी, पातळीनुसार विभागलेले, आठवड्याचे किंवा त्याहून लहान वर्ग, आणि त्यांच्या जोडीला डोंगरांतील पदभ्रमण, विणकाम, नृत्य, वाद्यवादन असे उपक्रम आयरिशमधूनच, अशी तिची रचना आहे. भाषा हा अभ्यासाचा विषय न राहता दुसरे काहीतरी करण्याचे साधन बनावी, हा त्यामागील हेतू उघड आहे.

३. कोणता प्रदेश, कोणती बोली

आयरिश ज्या भागांत समाजाची भाषा म्हणून टिकली आहे त्यांना 'गेल्टाख्त' म्हणतात. हा सलग प्रदेश नाही. डोनेगॉल, मेयो, गॉलवे, केरी, कॉर्क, वॉटरफर्ड आणि मीथ या सात परगण्यांत विखुरलेली ही बेटे आहेत. मीथमधील राह कार्न ही वसाहत तर १९३५ मध्ये कॉनेमारातील कुटुंबांना पूर्वेकडे जमिनी देऊन मुद्दाम वसवलेली आहे. तिला गेल्टाख्तचा दर्जा मिळावयास मात्र १९६७ साल यावे लागले.

वर्ग निवडताना अभ्यासकाने पाहावयाची पहिली गोष्ट ही, की प्रमाण आयरिश अशी जी आहे ती मुख्यतः लेखनाची आहे. १९५८ मध्ये शासनाने व्याकरण व लेखन यांचे प्रमाण रूप प्रसिद्ध केले. बोलणे मात्र तीन मोठ्या बोलींचेच राहिले. 'कसे आहात?' हा साधा प्रश्न दक्षिणेत, म्हणजे मन्स्टरमध्ये, एका तऱ्हेने विचारतात, पश्चिमेत कॉनाख्तमध्ये दुसऱ्या आणि उत्तरेत अल्स्टरमध्ये तिसऱ्या; आणि हे तीन प्रश्न नवख्याला एकाच भाषेतले वाटत नाहीत. म्हणून ज्या साहित्यासाठी भाषा शिकावयाची त्या साहित्याची बोली जेथे बोलली जाते तेथे जाणे श्रेयस्कर. ब्लास्केट बेटांवरील आत्मचरित्रे वाचावयाची असतील तर केरीतील कोर्का ग्वीन्या द्वीपकल्प. तेथे बॅलिफेरिटर या गावी प्रौढांचे वर्ग चालतात. ओ काइन वाचावयाचे असतील तर कॉनेमारा. तेथे कॅरारो येथे गॉलवे विद्यापीठाचे केंद्र आहे, आणि त्याला ओ काइन यांचेच नाव दिलेले आहे. शेमस ओ ग्रियाना आणि त्यांचे बंधू शोसव मॅक ग्रियाना यांच्या कथा-कादंबऱ्यांसाठी डोनेगॉल. या गावांची येथे दिलेली नावे इंग्रजी वळणाची आहेत. गेल्टाख्तमधील रस्त्यांवरच्या पाट्या मात्र आयरिशमध्ये असतात, कारण २००५ पासून तेथील गावांची केवळ आयरिश नावेच अधिकृत ठरली. गाव शोधतानाच पहिला धडा सुरू होतो.

४. निवडीचे निकष

दुसरी गोष्ट पातळीची. येथे परदेशी विद्यार्थी हमखास चुकतो. आयर्लंडमधील प्रौढ विद्यार्थी शाळेत तेरा-चौदा वर्षे आयरिश शिकलेला असतो. त्याला ती बोलता येत नसली तरी शेकडो शब्द, क्रियापदांचे तक्ते आणि काही कविता त्याच्या स्मृतीत पडून असतात. त्यामुळे 'प्रारंभिक' म्हणून जाहीर झालेला वर्ग पुष्कळदा विस्मृतीतून परतणाऱ्यांचा असतो. ज्याने हा ध्वनी जन्मात ऐकलेला नाही, त्याने 'शून्यापासून आरंभ' होणारा वर्ग आहे का, हे स्पष्ट विचारून घ्यावे. तसा वर्ग नसेल तर आधी शहरात पाया घालावा. डब्लिनमध्ये कॉन्रा न गेल्गेचे आणि १९९९ मध्ये स्थापन झालेल्या 'गेलकुल्तूर'चे वर्ग चालतात. दूरस्थ वर्गही आता उपलब्ध आहेत. पातळी मोजण्यासाठी मेनूथ विद्यापीठाच्या 'तेग' या परीक्षा २००५ पासून घेतल्या जातात. त्या युरोपीय भाषांच्या सामाईक श्रेणींवर आधारलेल्या आहेत, म्हणून अन्य भाषांतील प्रगतीशी तुलना करणे सोपे जाते.

तिसरी गोष्ट निवासाची, आणि ती अध्यापनाइतकीच महत्त्वाची आहे. वर्ग दिवसातून चार-पाच तास चालतो. उरलेला दिवस कोणत्या भाषेत जातो यावर सर्व अवलंबून असते. आयरिशभाषक कुटुंबात राहण्याची सोय असेल तर ती घ्यावी. घरातील यजमानिणीला तेथे 'ब्यान अ ती' म्हणतात. शब्दशः 'घराची बाई', म्हणजे आपली घरधनीणच. चहा, पाऊस, उद्याची गाडी आणि शेजाऱ्याची गाय यांविषयी तिच्याशी होणारे बोलणे कोणत्याही पाठ्यपुस्तकापेक्षा अधिक शिकवते, कारण त्या बोलण्यातले वाक्य शिकवण्यासाठी रचलेले नसते. भाड्याच्या घरात इंग्रजी बोलणाऱ्या सहाध्यायांसह राहिल्यास निमज्जन वर्गाच्या दारापाशीच संपते.

चौथी गोष्ट कालावधीची. एका आठवड्यात भाषा येत नाही. एका आठवड्यात कान उघडतो, भीती मोडते आणि आपल्याला काय येत नाही हे नेमके कळते. एवढेच झाले तरी तो सत्कारणी लागला असे समजावे. अनुभवी विद्यार्थी वर्षानुवर्षे त्याच गावी परत जातात आणि मधल्या काळात शहरांतील संभाषणमंडळांतून सराव टिकवतात. डब्लिनमध्ये २०१६ पासून ठरल्या संध्याकाळी एखाद्या पानगृहात जमून आयरिश बोलण्याची एक प्रथा सुरू झाली आणि ती पुढे अनेक शहरांत पसरली. उत्तरेत बेलफास्ट येथे फॉल्स रोडवरील 'कुल्तूरलन' हे १९९१ पासूनचे केंद्र आहे. शहराच्या पूर्व भागात, पारंपरिक प्रॉटेस्टंट वस्तीतही प्रौढांचे आयरिश वर्ग आता चालतात. भाषा एका पक्षाची मालमत्ता मानली गेलेल्या शहरात ही घटना लहान नव्हे.

साधने नसतानाही निमज्जन घडू शकते, याचे टोकाचे उदाहरण तुरुंगांचे आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात करा येथील स्थानबद्धांच्या छावणीत ओ काइन सहबंद्यांना आयरिश शिकवीत. १९७०च्या दशकाच्या अखेरीस उत्तरेतील लाँग केश तुरुंगात पुस्तके व लेखनसाहित्य नाकारले गेलेले कैदी बंद दारांआडून एकमेकांना ओरडून धडे देत. त्यांच्या राजकारणाविषयी मत काहीही असो, भाषा शिकण्यासाठी किमान काय लागते, हे या उदाहरणावरून दिसते. सांगणारा एक आवाज लागतो, आणि दुसऱ्या भाषेत पळून जाण्याची वाट बंद असावी लागते.

५. शिकणारा काय नेतो, काय देतो

ही वाट मुद्दाम बंद ठेवावी लागते, कारण गेल्टाख्तमध्ये ती नेहमीच उघडी असते. तेथील प्रत्येक प्रौढाला इंग्रजी उत्तम येते. नवखा मनुष्य अडखळला की गावकरी सौजन्याने इंग्रजीकडे वळतो, आणि हे सौजन्यच भाषेला घातक ठरते. २०२२च्या जनगणनेत प्रजासत्ताकातील अठरा लाखांहून अधिक लोकांनी आयरिश येते असे सांगितले. शिक्षणसंस्थांच्या बाहेर ती रोज बोलणारे मात्र सुमारे ७२ हजार निघाले, आणि त्यांपैकी गेल्टाख्तमधील जेमतेम २० हजार. गेल्टाख्तमधील भाषाव्यवहाराच्या २००७च्या विस्तृत पाहणीने इशारा दिला होता, की सर्वांत बळकट भागांतही समाजाची मुख्य भाषा म्हणून आयरिश पंधरा-वीस वर्षांपलीकडे टिकणे कठीण आहे. ती मुदत आता भरत आली आहे. तरुण कुटुंबांना घरे परवडत नाहीत, कारण समुद्रकाठची घरे सुट्टीसाठी घेतली वा भाड्याने दिली जातात. तेथे येणारा भाषेचा विद्यार्थीही एक प्रवासीच असतो, हे त्याने विसरू नये. आपण इंग्रजी बोलणारी आणखी एक व्यक्ती त्या गावात आणतो आहोत की आयरिश बोलू पाहणारी, हा प्रश्न त्याच्या वर्तनाने सुटतो.

परंतु बाहेरून येणारा विद्यार्थी केवळ ओझे असतो असेही नाही. आयरिश साहित्याचा इतिहास याच्या विरुद्ध साक्ष देतो. केरीच्या किनाऱ्यापलीकडील ग्रेट ब्लास्केट बेटावर १९०७ मध्ये कार्ल मार्स्ट्रांडर हे नॉर्वेजियन भाषाशास्त्रज्ञ बोलभाषा शिकण्यासाठी आले. त्यांचे शिक्षक झाले तोमास ओ क्रिओहन हे कोळी. ओ क्रिओहन यांनी स्वतःची मातृभाषा वाचावयास-लिहावयास प्रौढपणीच शिकून घेतली होती. पुढे १९१० पासून ब्रिटिश म्युझियममधील हस्तलिखितांचे अभ्यासक रॉबिन फ्लॉवर येऊ लागले आणि पुष्कळ वर्षे येत राहिले. किलार्नीच्या ब्रायन ओ केली यांनी ओ क्रिओहन यांना लोती आणि गॉर्की यांचे लेखन ऐकवले आणि साध्या माणसाचे जीवनही लिहिण्याजोगे असते, हा विश्वास दिला. १९२९ मध्ये 'अन तिलानाख' हे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. १९३४ मध्ये त्याचे इंग्रजी भाषांतर केले ते फ्लॉवर यांनीच. १९२३ मध्ये बेटावर आलेल्या जॉर्ज थॉमसन या ग्रीकच्या अभ्यासकाने आपला मित्र मुरिश ओ सुलवान याला लिहिते केले, आणि १९३३ मध्ये त्याचे आत्मकथन आले. थॉमसन यांनी पुढे काही वर्षे गॉलवे येथे ग्रीक भाषा आयरिशमधून शिकवली. बेटावरची शेवटची कुटुंबे १९५३ मध्ये मुख्य भूमीवर हलवली गेली. आज ते गाव ओसाड आहे, पण त्याचे साहित्य शिल्लक आहे.

या पुस्तकांचे कर्तृत्व बेटावरील लेखकांचे आहे. पाहुण्यांनी ती लिहिली नाहीत. परंतु आपली भाषा शिकण्यासाठी कोणी समुद्र ओलांडून येतो, आपला एकेक शब्द विचारून टिपून घेतो, चुकला तर पुन्हा विचारतो, या अनुभवाने त्या भाषकांचा स्वतःच्या बोलण्याकडे पाहण्याचा दृष्टिकोन बदलला, हे नाकारता येणार नाही. येथे शिकणारा हा साहित्याचा केवळ ग्राहक नव्हता. त्याच्या विचारण्यातून सांगणाऱ्याला श्रोता मिळाला आणि श्रोत्यापाठोपाठ वाचक.

भारतीय अभ्यासकाला हे उदाहरण घरच्या प्रश्नांकडेही परत आणते. म्हैसूरच्या भारतीय भाषा संस्थेच्या प्रादेशिक केंद्रांतून शिक्षकांना दहा महिन्यांत दुसरी भारतीय भाषा शिकवण्याची योजना १९७० पासून आहे. पुण्याच्या केंद्रातून अमराठी शिक्षक मराठी शिकून गेले आहेत. तरीही आपल्याकडील तौलनिक अभ्यासाचा मोठा भाग इंग्रजी भाषांतरांवरच उभा आहे. आयरिशसाठी डोनेगॉलला जाण्याची तयारी करणाऱ्याने जो निकष तेथे लावावयाचा तोच तेलुगू, संथाळी किंवा कोंकणीलाही लागू आहे : बोली नेमकी ठरवावी, आपली पातळी प्रामाणिकपणे सांगावी, वर्गापेक्षा घर काळजीपूर्वक निवडावे आणि एकदा गेलेल्या गावी पुन्हा जावे. आणि समोरचा माणूस सौजन्याने इंग्रजीकडे वळला, तर त्याचे आभार मानून, अडखळत का होईना, त्याच्याच भाषेत पुढचे वाक्य बोलावे.